विवाल्डीबरोबर तीन आठवडे: आगबोट, सत्तेचाळीस टॅब आणि कडेला बसलेलं व्हॉट्सॲप

दीपमाळ (धागालेखिका)

मंडळी, आधी पार्श्वभूमी सांगते, नाहीतर बँकेतून निवृत्त झालेल्या बाईला ब्राउझरची पंचाईत कशाला, असं वाटेल.

आमच्या गावच्या वाचनालयाची स्मरणिका निघतेय. "तू मुंबईकडे असतेस, तुझ्याकडे चांगलं इंटरनेट आहे" एवढ्या भक्कम कारणावरून आगबोटीवरचा लेख माझ्या गळ्यात पडला. गाव दापोली तालुक्यातलं, म्हणजे आमचं बंदर हर्णै. आमच्या आधीच्या पिढीला मुंबई म्हणजे बोट. पावसाळ्यात बोटी बंद, की मुंबईची माणसं मुंबईत आणि गावची गावात.

लेख लिहायला बसले आणि पहिल्याच आठवड्यात ४७ टॅब उघडे झाले. मोजले मी. गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या जिल्हावार माहितीग्रंथाचा, रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड (दहावा, १८८०चा, कॅम्बेलसाहेबांच्या संपादनाखालचा), जुने नकाशे, कुणाकुणाच्या आठवणी, रामदास बोट बुडाली त्याच्या बातम्या. शेजारी वही. त्या वहीत रामदासच्या पानावर मी लिहिलंय, "१७ जुलै १९४७, भाऊचा धक्का ते रेवस, मृत ६२५." चार ओळी खाली, माझ्याच अक्षरात, "मृत सातशेच्या आसपास." यातला कुठला आकडा कुठून घेतला, ते देवाला ठाऊक. बँकेत असताना व्हाउचरशिवाय नोंद कुणी केली असती तर मी त्याला उभं केलं असतं.

हे रडगाणं भाच्याने ऐकलं आणि येऊन विवाल्डी नावाचा ब्राउझर टाकून गेला. जाता जाता "मावशी, यात सगळं आत आहे" म्हणाला. खरंच आहे. कडेला एक पट्टी, तिच्यात वाचनखुणा, नोंदवही, ईमेल, फीड्स (साइटवरचं नवं लिखाण आपोआप आणून देणारी सोय), मॅस्टोडॉन (ट्विटरसारखं समाजमाध्यम), शिवाय हवी ती वेबसाइट अरुंद करून बसवायची सोय. पहिले दोन दिवस मला लग्नाच्या रुखवताची आठवण येत होती. एवढं मांडलंय, पण जेवायचं कुठे?

तीन आठवड्यांनी त्यातलं काय उरलं ते सांगते.

नोंदवही उरली. पान वाचताना एखादी ओळ निवडायची, उजवी टिचकी मारायची आणि ती नोंदीत पाठवायची. एवढंच. पण ओळीसोबत त्या पानाचा पत्ताही नोंदीत आपोआप जाऊन बसतो. इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथसाठ्यातल्या स्कॅन केलेल्या पुस्तकात तर पान उलटलं की पत्ताही बदलतो, त्यामुळे नोंद थेट त्या पानाशी बांधली जाते. चार दिवसांनी नोंदीतल्या पत्त्यावर टिचकी मारली आणि समोर तेच पान, तोच परिच्छेद. मला अक्षरशः भरून आलं. हसू नका.

दुसरी उरलेली गोष्ट म्हणजे दोन टॅब शेजारी शेजारी लावणं. दोन्ही निवडून टाइल करा म्हटलं की खिडकीच्या डाव्या अर्ध्यात गॅझेटियर, उजव्या अर्ध्यात नकाशा. इंग्रजांनी लिहिलेलं गावाचं नाव वाचायचं आणि नजर उजवीकडे नेऊन किनाऱ्यावर शोधायचं. पूर्वी टॅब बदलेपर्यंत नाव विसरायचे. शिवाय टॅबांचे गठ्ठे करता येतात. "रामदास", "बंदरं", "तिकिटं" असे तीन गठ्ठे केले आणि ४७ची गर्दी तीन ढिगांत बसली.

आता जे उरलं नाही ते. भाच्याने हौसेने कडेच्या पट्टीत व्हॉट्सॲप बसवून दिलं होतं. काय सांगू! डावीकडे १८८० सालची बंदरं, त्याला चिकटून चुलतभावाच्या नातीचं बारसं. पेढ्यांचा फोटो आला की मी पेढे बघते. चौथ्या दिवशी ते काढून टाकलं. फोन वेगळ्या खोलीत असतो तेच बरं.

मॅस्टोडॉनही बघितलं. शांत जागा आहे, जाहिराती नाहीत, पण मराठी माणसं मला तरी तिथे मोजकीच दिसली. "हर्णैच्या पडावांबद्दल कुणाला माहिती?" असं विचारलं. (पडाव म्हणजे मोठ्या बोटीपासून किनाऱ्यापर्यंत माणसं नेणारी होडी.) एका परदेशी गृहस्थांनी आवडल्याची खूण केली. त्यांचे आभार.

तर प्रश्न दोन. एक, इथे कुणी हा वापरतं का? आणि दोन, महत्त्वाचा: माझ्या आता १६३ नोंदी झाल्यात. उद्या काही झालं तर त्या जपायच्या कशा?

---

बोटीचा_भोंगा

आधी जागा अडवतो, मग सविस्तर लिहितो. व्हाउचरचं वाक्य कडक.

---

नाना_ओटीवरचे

ताई, छान लिहिलंय. "सगळं आत आहे" हे वाक्य मी २००७ साली ऐकलेलं आहे, म्हणून लगेच लॉगिन केलं.

तेव्हा फ्लॉक नावाचा ब्राउझर होता. २००५ साली सुरू झालेला, फायरफॉक्सच्या पायावर बांधलेला. १.० आवृत्ती आली २००७च्या नोव्हेंबरात. डावीकडे माणसांची पट्टी, म्हणजे फेसबुक-ट्विटरवरच्या मित्रांनी काय टाकलं ते एकाखाली एक. वर फोटोंची पट्टी, फ्लिकरवरचे फोटो सिनेमाच्या रिळासारखे सरकत जायचे. आत फीड-वाचक, ब्लॉग लिहायचं साधन आणि एक वेब क्लिपबोर्ड. पानावरचा उतारा किंवा चित्र ओढून त्यात टाकायचं आणि नंतर ब्लॉग लिहिताना तिथून उचलायचं. तुम्ही नोंदवहीचं वर्णन केलंत ना, त्याची आजी म्हणा.

मी तेव्हा रोज रात्री ब्लॉग लिहायचो. (वाचक तीन. त्यातली एक बायको.) फ्लॉकमध्ये लिहायचं आणि तिथूनच ढकलायचं. फार मजा वाटायची.

मग २०१० साली तिसरी आवृत्ती काढताना फायरफॉक्सचा पाया सोडून ते क्रोमियमवर, म्हणजे गुगलच्या क्रोमच्या पायावर, गेले. दिसायला चकाचक, पण जुन्या सोयींतल्या बऱ्याच मागे राहिल्या. २०११च्या जानेवारीत कंपनी झिंगाने घेतली. हो, तीच झिंगा, जिने आपल्या सगळ्यांना फार्मव्हिलमध्ये वांगी लावायला बसवलं होतं. २६ एप्रिल २०११ला फ्लॉकचा आधार बंद. संपलं.

रॉकमेल्ट आठवतो का कुणाला? नेटस्केपच्या मार्क अँड्रीसनचा पैसा त्यामागे होता. नोव्हेंबर २०१०मध्ये आला. ब्राउझर वापरायला आधी फेसबुकने लॉगिन करा! डाव्या कडेला मित्रांची तोंडं, उजव्या कडेला साइट्स. ऑगस्ट २०१३मध्ये याहूने घेतला आणि त्याच महिन्याअखेर बंद केला.

माझं म्हणणं एवढंच, की माणसांची पट्टी दुसऱ्याच्या घराच्या दारावर अवलंबून असते. फेसबुकने दार ओढून घेतलं की तुमची पट्टी आंधळी. नोंदवहीला कुणाचं दार लागत नाही. तुमच्याकडे बारशाने व्हॉट्सॲप घालवलं, आमच्याकडे झिंगाने फ्लॉक.

---

टॅबखोर

नाना, फार्मव्हिलची वांगी!! माझी आई रात्री तीनचा गजर लावून उठायची पीक काढायला.

४७ टॅब म्हणजे काहीच नाही ताई. माझ्याकडे आत्ता या क्षणी टॅबांचा आकडा तीन अंकी आहे. त्यातला एक २०२३चा मिसळीच्या कटाचा. आज ना उद्या करीन.

---

दीपमाळ

नाना, सविस्तर प्रतिसादाबद्दल आभार. वेब क्लिपबोर्डमधलं तुमचं लिखाण फ्लॉक बंद झाल्यावर बाहेर काढता आलं का?

---

नाना_ओटीवरचे

ब्लॉगवर गेलेलं राहिलं. क्लिपबोर्डात पडून असलेलं गेलं. फ्लॉकचा दोष नाही, मीच मशीन फॉरमॅट करताना विसरलो. गावातल्या जुन्या म्हणी गोळा केल्या होत्या. अजून एखादी आठवली की चडफडतो.

---

पाचवा_ऋतू

मी विवाल्डी पहिल्यापासून वापरतोय, म्हणून थोडी भर.

हा कुणी नवखा खेळाडू नाही. ऑपेरा ज्यांनी उभा केला त्यांपैकी एक, योन फॉन टेट्झनर, यांनीच तो सुरू केला. जुना ऑपेरा हाच मुळात "सगळं आत" पंथाचा. ईमेल आत, फीड्स आत, नोंदी आत. २०१३ साली ऑपेराने स्वतःचं प्रेस्टो इंजिन सोडून क्रोमियम घेतलं आणि त्यातलं बरंच गळून पडलं. २०१४च्या मार्चमध्ये त्यांचं माय ऑपेरा हे सदस्यांचं व्यासपीठही बंद झालं. तिथून बेघर झालेल्यांसाठी विवाल्डी डॉट नेट निघालं, ब्राउझर त्यानंतर आला. म्हणजे इथे आधी वस्ती वसली आणि मग घर बांधलं. चाचणी आवृत्ती जानेवारी २०१५, आणि १.० एप्रिल २०१६ मध्ये.

ताईंनी मॅस्टोडॉनचा उल्लेख केला. ते २०२२च्या नोव्हेंबरातलं. ट्विटरची मालकी बदलून तिथून माणसं बाहेर पडत होती तेव्हा विवाल्डीने स्वतःचा मॅस्टोडॉन सर्व्हर उघडला आणि पुढच्याच महिन्यातल्या ५.६ आवृत्तीत तो कडेच्या पट्टीत बसवला. फ्लॉक आणि यात फरक असा, की मॅस्टोडॉन एकाच्या मालकीचा नाही. एक सर्व्हर बंद होणार असेल तर त्याआधी आपले अनुयायी घेऊन दुसरीकडे बिऱ्हाड हलवता येतं. नानांच्या दाराच्या मुद्द्याला हे थोडं उत्तर आहे. मराठी माणसं नाहीत हे मात्र खरं. आम्ही चार-पाच जण आहोत आणि एकमेकांना शुभ सकाळ म्हणतो.

एक चिमटा माझ्याच पंथाला. याचं इंजिन क्रोमियमचंच आहे आणि वरचा सगळा दर्शनी भाग वेबच्याच तंत्राने बांधलेला आहे. त्यामुळे साध्या ब्राउझरपेक्षा तो थोडा जड पडणार, हे गृहीत धरा. शिवाय दर्शनी भागाचा कोड मुक्तस्रोत नाही. ज्यांना ते खटकतं त्यांचं खटकणं मला मान्य आहे.

---

मोडका_नोकिया

अवांतर होतंय, पण ऑपेराचा विषय निघाल्यावर राहवलं नाही.

ज्या फोनमध्ये देवनागरीच नव्हती त्या फोनवर मराठी वाचलेली आमची पिढी आहे. ऑपेरा मिनी उघडायचा, पत्त्याच्या जागी ऑपेरा, विसर्गासारखी दोन टिंबं आणि कॉन्फिग असं टाइप करायचं. एक कोरडी यादी उघडायची. तिच्या तळाशी कॉम्प्लेक्स लिप्यांसाठी बिटमॅप फाँट वापरायचे का, असा प्रश्न. तिथे हो करून सेव्ह करायचं. आणि मग चौकोनांच्या जागी मराठी! सर्व्हरवर अक्षरांची चित्रं बनून फोनवर यायची. हॉस्टेलवर हे एकाने शोधलं आणि रात्रीतून अख्ख्या मजल्याच्या फोनवर झालं. डेटा जरा जास्त जायचा, पण घरचं वर्तमानपत्र वाचता यायचं.

---

टॅबखोर

आई शप्पथ, कॉन्फिग! मी हे विसरूनच गेलो होतो. +१००

---

बोटीचा_भोंगा

आलो. जागा अडवली होती, आता भरतो.

ज्या जुन्या गोष्टी निघाल्या त्यात एपिक राहिला. २०१० साली बंगळूरच्या हिडन रिफ्लेक्स कंपनीने काढला, भारताचा पहिला ब्राउझर म्हणून गाजावाजा झाला. तोही फायरफॉक्सवर बांधलेला. कडेच्या पट्टीत भारतीय भाषांत टाइप करायची सोय, विषाणूतपासणी, बातम्या, भारतीय चित्रांच्या थीम, काय नव्हतं म्हणून विचारा. पुढे २०१३मध्ये त्यांनीच तो सगळा बाजार गुंडाळला आणि क्रोमियमवर निव्वळ खासगीपणा जपणारा नवा एपिक काढला. म्हणजे बाकी सगळे भरत गेले, यांनी घर रिकामं केलं.

दीपमाळताई, आता मुद्द्याचं. सिंक, म्हणजे नोंदींची प्रत विवाल्डीच्या सर्व्हरवर ठेवायची सोय, चालू केलंय का? केलं असेल तर दोन पासवर्ड आहेत, एक खात्याचा आणि एक कूटबद्धतेचा, म्हणजे मजकूर कुलूपबंद करणारा. दुसरा वेगळाच ठेवा आणि कागदावर लिहून ठेवा. मी ठेवला नाही. नवा लॅपटॉप घेतला, जुना भंगारात दिला, आणि दुसरा पासवर्ड आठवेना. मदतपानावर स्पष्ट लिहिलंय, की तो त्यांच्याकडेही नसतो, त्यामुळे ते परत देऊच शकत नाहीत. सर्व्हरवर माझ्या दोन वर्षांच्या नोंदी होत्या आणि त्या कुणालाच वाचता येत नव्हत्या, मलाही. शेवटी तो साठा पुसून नव्याने सुरुवात केली. किल्लीची फाईल साठवून ठेवायची सोय होती, ती "नंतर करू" म्हणून राहिली. बायको म्हणाली, सुरक्षित आहे म्हणायचं मग.

---

दीपमाळ

अरे देवा. माझ्याकडे भाच्याने टाकलेला पासवर्ड आहे. दोन्हीचा एकच असावा असा संशय आहे. आत्ताच फोन लावते.

---

कपाट_क्रमांक_सात

ग्रंथालयात नोकरी करते, त्यामुळे या विषयावर गप्प बसणं शक्य नाही.

ब्राउझरमधली नोंदवही ही टिपणवही आहे, संदर्भसूची नाही. दोन्हींत फरक आहे. पत्ता जपला म्हणजे स्रोत जपला असं होत नाही. उद्या त्या संकेतस्थळाने पत्ते बदलले की तुमच्या १६३ नोंदी अनाथ. सरकारी संकेतस्थळांची रचना बदलल्यावर आमच्या वाचकांचे दुवे कसे धारातीर्थी पडतात ते मी दर वर्षी बघते. म्हणून प्रत्येक नोंदीत पुस्तकाचं नाव, खंड, साल आणि छापील पान क्रमांक हाताने लिहा. छापील म्हणतेय, कारण स्कॅनच्या पत्त्यातला पान क्रमांक आणि पुस्तकावर छापलेला क्रमांक हे वेगळे असतात. मुखपृष्ठ, प्रस्तावना, कोरी पानं सगळी धरून स्कॅन मोजतो.

खऱ्या संशोधनासाठी झोटेरो बघा. २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासवाल्यांनीच काढलेलं. आधी फायरफॉक्समध्येच राहायचं, आता स्वतंत्र आहे आणि कुठल्याही ब्राउझरला जोडता येतं. फुकट आहे. पुस्तकाच्या पानावर असताना बटण दाबलं की लेखक, साल, प्रकाशक घेऊन येतं. शेवटी संदर्भसूचीही तेच बनवून देतं.

---

पाचवा_ऋतू

कपाटताई, झोटेरो उत्तमच, पण स्मरणिकेतल्या चार पानी लेखाला तो म्हणजे मुंगीला मारायला तोफ.

---

कपाट_क्रमांक_सात

स्मरणिकेतले आकडेच पुढे वीस वर्षं लोक उद्धृत करतात, साहेब. रामदासचे दोन आकडे वहीत कसे आले असतील असं तुम्हाला वाटतं?

---

नाना_ओटीवरचे

🙏 निरुत्तर.

---

आळशी_विद्यार्थी

मी जरा वेगळं बोलतो, काका-काकूंनी हलके घ्या.

हे सगळं कालबाह्य नाही का? २०२५च्या जुलैत पर्प्लेक्सिटीचा कॉमेट आला, ऑक्टोबरात चॅटजीपीटीचा ॲटलस, दोन्ही कृत्रिम बुद्धिमत्तावाले ब्राउझर. उघड्या टॅबना प्रश्न विचारायचा, "यात आगबोटीबद्दल काय आहे?" तो सगळी वाचून सारांश देतो, शिवाय स्रोतही दाखवतो. मी माझा अख्खा प्रकल्प असाच केला. नोंदी काढायला वेळ कुणाला आहे?

---

कपाट_क्रमांक_सात

करून बघ ना. ताईंनी दिलेलाच खंड घे आणि त्याला विचार, की दाभोळबद्दल काय लिहिलंय. शेजारी स्वतः पानं चाळ आणि काय सापडलं ते इथे लिही.

---

आळशी_विद्यार्थी

केलं. तीन ठिकाणं दाखवली, तिन्ही बरोबर. मग हाताने पानं चाळली तर त्याने न दाखवलेले दोन उल्लेख अर्ध्या तासात सापडले. असं का?

---

कपाट_क्रमांक_सात

शाब्बास. चाळलीस हेच खूप.

कारण मजेशीर आहे. कॅम्बेलच्या गॅझेटियरमध्ये दीर्घ आकार दाखवायला इंग्रजी ए अक्षरावर तिरपी रेघ देतात. यंत्राने स्कॅन वाचताना त्या रेघेसकटच्या अक्षराला बऱ्याचदा डी समजलं जातं. त्यामुळे दाभोळचं होतं डी-डी-भोल आणि राजापूरचं आर-डी-जे-डी-पूर. डोळ्यांना पानावर दाभोळ दिसतं, पण चित्राखाली दडलेल्या मजकुरात दाभोळ नसतंच. शोधयंत्र असो, तुझा सारांशवाला असो, दोघेही तो मजकूर वाचतात, पान नाही. काही ठिकाणी तो अंदाजाने जुळवून घेतो, काही ठिकाणी सुटतं. आणि काय सुटलं ते सारांशात लिहिलेलं नसतं.

म्हणून जुन्या गॅझेटियरमध्ये शोधायचं असेल तर मुद्दाम चुकीचं स्पेलिंग टाकून शोधायचं. आमच्याकडे येणाऱ्या पीएचडीवाल्यांना मी हे पहिल्या दिवशी सांगते.

---

दीपमाळ

कपाटताई, तुम्ही माझे डोळे उघडलेत. आत्ता डी-डी घालून शोधलं आणि मला एकदम सहा नवी पानं मिळाली! हर्णैचंही असंच रूप करून बघते.

---

पाचवा_ऋतू

सारांशाचा विषय निघालाच आहे तर, विवाल्डीने २०२४मध्येच जाहीर केलंय, की चॅटजीपीटीसारख्या भाषिक प्रारूपांचा असा मदतनीस ते ब्राउझरमध्ये घालणार नाहीत. कारण म्हणून हेच दिलंय, की ती आत्मविश्वासाने खोटं बोलतात. इतक्या गोष्टी आत घेणाऱ्यांनी एक गोष्ट दारातच अडवली.

---

आळशी_विद्यार्थी

माझा तर सगळा प्रकल्पच परत तपासावा लागणार दिसतंय. उद्या सबमिशन आहे. भेटू.

---

मोडका_नोकिया

विद्यार्थीमित्रा, शुभेच्छा. आम्ही रात्री जागून कॉन्फिग बदलायचो, तुम्ही प्रकल्प तपासा.

ताई, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर कुणी दिलंच नाही. विवाल्डीच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये नोट्स नावाची एकच फाईल असते. मदत मेनूतल्या "अबाउट"मध्ये फोल्डरचा मार्ग दिसतो. ब्राउझर बंद करून ती फाईल उचला आणि पेनड्राइव्हवर ठेवा. आत साधा मजकूर असतो, उद्या ब्राउझर नसला तरी कुठल्याही साध्या संपादकात उघडेल. दर रविवारी एक प्रत, फाईलच्या नावात तारीख. मी हे शिकलो ते एका नोंदी ठेवणाऱ्या सेवेमुळे. नाव घेत नाही. बंद होताना त्यांनी रीतसर पत्र पाठवलं होतं, पण ते माझ्या अशा ईमेलवर, जो मी कॉलेज सुटल्यापासून उघडलाच नव्हता.

---

दीपमाळ

झालं! फाईल सापडली, पेनड्राइव्हवर ठेवली. पासवर्डही कळला. दोन्हीचा एकच होता आणि तो माझी जन्मतारीख होता. भाच्याला जे बोलायचं ते बोलले. आता दोन वेगळे आहेत आणि दुसरा कपाटात, विम्याच्या कागदांसोबत.

पण नवीनच भानगड उभी राहिलीय. नोंदींमध्ये "किनाऱ्यावर" असं शोधलं तर नऊ नोंदी आल्या. मला पक्कं आठवतंय की जास्त आहेत. एक तर डोळ्यांसमोर उघडी आहे, तिच्यात तो शब्द आहे आणि ती यादीत नाही. मी वेडी झालेय का?

---

बोरू_आणि_दौत

(बरेच दिवस नुसताच वाचतोय, आज या अक्षरासाठी लॉगिन केलं.)

वेड्या नाही आहात. हे आपल्या ऱ्यचं जुनं दुखणं आहे. तो संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त, त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण साध्या शोधाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. तुम्ही काही नोंदी फोनवरून टाइप केल्या असणार, काही संगणकावर, आणि काही कुणाच्या तरी लेखातून उचललेल्या. कीबोर्डागणिक तऱ्हा बदलते.

उपाय: आत्ता डोळ्यांसमोर असलेल्या नोंदीतूनच तो शब्द कॉपी करून शोधचौकटीत चिकटवा. दुसरा गट येईल. किंवा नुसतं "किना" शोधा.

माझ्या एका जुन्या शब्दसूचीत "दऱ्या" आणि "तऱ्हा" असे सगळे शब्द दोनदा आले होते. छापून झाल्यावर कळलं.

---

कपाट_क्रमांक_सात

बोरूराव, इंग्रजीत डी-डी-भोल आणि मराठीत ऱ्य. आमच्या कर्मचाऱ्यांच्या सूचनाफलकावर लावते हे. (कर्मचाऱ्यांच्या, बघा, आलाच.)

---

दीपमाळ

बोरू_आणि_दौत, तुम्हाला साष्टांग. चिकटवून शोधलं आणि आणखी अकरा नोंदी आल्या.

त्या अकरांमध्ये एक अशी होती जी मी विसरूनच गेले होते. फोनवर घाईत टाइप केलेली. "हर्णैला बोट धक्क्याला लागत नसे, बाहेर उभी. पडाव यायचे. लाट वर आली की खलाशी हाताला धरून ओढायचे, मुलं तर फेकायचेच एकाकडून दुसऱ्याकडे. किनाऱ्यावर पोचेपर्यंत साडी गुडघ्यापर्यंत ओली. ट्रंक डोक्यावर." ही आमची आत्या. सत्याऐंशीची आहे, लग्न होऊन बोटीनेच आली होती. मी मॅस्टोडॉनवर परदेशी गृहस्थांना पडावांबद्दल विचारत होते आणि हे माझ्याच नोंदींत पडून होतं.

कपाटताईंचं ऐकून आता प्रत्येक नोंदीला खंड, साल, छापील पान लिहितेय. या नोंदीपाशी अडले. पत्त्याचा रकाना रिकामा. शेवटी तिथे लिहिलं: आत्या, फोनवर, रविवारी दुपारी. ब्राउझरला तो पत्ता उघडता येणार नाही, पण असू दे.

विवाल्डी ठेवतेय. कडेच्या पट्टीत फक्त नोंदवही आणि शब्दकोश. वाचनालयातल्या जुन्या ४ जीबीच्या संगणकावर मात्र आहे तेच राहू दे म्हटलं, तिथे मुलं परीक्षेचे निकाल बघायला येतात.

---

बोटीचा_भोंगा

ताई, आत्यांना विचारा ना, पडावाचे पैसे वेगळे द्यावे लागायचे की बोटीच्या तिकिटातच धरलेले असायचे? माझे आजोबा वेगळे म्हणायचे, वडील म्हणतात तिकिटातच. आमच्या घरात हा वाद चाळीस वर्षं चालू आहे.

---

दीपमाळ

विचारते. दोनच्या आत फोन केला तर रागावते, झोपलेली असते.